डावी सीट

सावळीरामच्या दारात ती गाडी आली ती फुलांच्या मळेवाल्या झुंबरच्या बैलजोडीमागे बांधून. पुढे बैल, मागे दोन सीटची, बिनटपाची, जमिनीला पोट टेकेल इतकी खाली बसलेली हिरवी विलायती मोटार, आणि स्टेअरिंगवर सावळीराम, चेहरा असा की गाडी बैल नाही, तोच ओढतोय. देवळाली कॅम्पपासून नाशिकपर्यंत रस्त्यावरच्या लोकांनी फुकटची करमणूक करून घेतली. वस्तीत शिरल्यावर कुणीतरी विचारलंच, "पेट्रोलवर चालती का कडब्यावर?" हा विनोद पुढे कित्येक महिने चालला आणि सांगणाऱ्या प्रत्येकाला तो आपलाच वाटायचा.

गाडीचं विलायती नाव कुणाच्या जिभेवर बसेना. मग ती 'बसकी' झाली.

बसकी मूळची एका पारशी साहेबाची. मुंबईची हवा सोसेना म्हणून देवळालीत बंगला बांधून राहिलेला माणूस, स्वभावाने चांगला. त्याच्या बंगल्यावर सावळीरामचे वडील धोंडीराम यांनी उभी हयात काढली. बाग राखायची, आणि रोज सकाळी ही गाडी धुवायची, पुसायची, आरशासारखी करून ठेवायची. दुपारी साहेब गाडी काढी तेव्हा उजवीकडे साहेब आणि डावीकडे बाईसाहेब. बाईंना बरं नसलं की डावीकडे कुत्रा. धोंडीराम फाटक धरून उभे. त्यांना कधी कुणी 'बस' म्हटलं नाही आणि 'बसू नकोस' असंही म्हटलं नाही. न सांगता जे कळतं ते माणसाला फार पक्कं कळतं, ते असं.

साहेब वारला आणि गाडी शेडमध्ये गंजत पडली. पुढे बाईसाहेब बंगला विकून लेकीकडे विलायतेला निघाल्या तेव्हा त्यांनी किल्ली धोंडीरामच्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "तूच सांभाळली, तूच ठेव." धोंडीरामनी किल्ली रुमालात बांधून आणली आणि घरात वादाला तोंड फुटलं.

वाद घातला तो सुनेने, लताबाईने. ती म्युनिसिपालिटीच्या शाळेत इंग्रजी शिकवायची आणि घरात मराठीत फटकळ होती. "अंगण केवढं, गाडी केवढी! मालेगावचा भंगारवाला येतो तो नेईल तरी." सावळीरामही मनातून तिच्याच बाजूचा होता. सातपूरच्या कारखान्यात तो टर्नर. दिवसभर लेथवर लोखंड कातून घरी आल्यावर आणखी लोखंडाशी झटापट करायची त्याला हौस नव्हती. बसकी चिंचेखाली उभी राहिली आणि एका कोंबडीने डावी सीट पसंत करून तिथे अंडी घालायला सुरुवात केली.

असंच चाललं असतं, तर गोष्ट इथेच संपली असती. पण त्या साली, म्हणजे सत्त्याहत्तर किंवा अठ्ठ्याहत्तर असेल, उन्हाळ्यात धोंडीराम दाराच्या चौकटीला धडकले. मग पाण्याच्या हंड्याला. सावळीराम त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. काचबिंदू निघाला. एक डोळा गेल्यातच जमा होता आणि दुसरा त्याच वाटेने निघाला होता. डॉक्टर चांगले होते, पण सरळ बोलणारे. म्हणाले, "आजोबांना जे दाखवायचं असेल ते दाखवून घ्या. दिवाळीनंतरचं मी सांगू शकत नाही."

दवाखान्याच्या पायरीवर सावळीराम थांबला. त्याने विचारलं, "दादा, बघायचं असं काही राहिलंय का? चैत्यभूमी, अजिंठा, कुठंही म्हणा, नेतो."

धोंडीराम चपलेने माती उकरत म्हणाले, "आपली बसकी चालू हुईल का रं?"

"बसकी? का हो?"

"नाय. आपलं इचारलं."

सावळीराम त्या पायरीवर तोंड फिरवून उभा राहिला. बापाने आयुष्यात काही मागितलं नव्हतं आणि आता मागितलं तेही असं, की मागणं आहे असं दिसू नये. घरी येऊन त्याने पहिलं काम केलं ते कोंबडीला सीटवरून हाकललं. दसऱ्याला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, दादांना डाव्या सीटवर बसवून गंगापूर धरणावर न्यायचं, डोळ्यांत उजेड आहे तोवर. लताबाईला त्याने एवढंच सांगितलं, आणि त्या दिवसापासून तिने भंगारवाल्याचं नाव काढलं नाही.

आता गाडी दुरुस्त करायची कुणी? नाशिकच्या गॅरेजवाल्यांनी हात जोडले. एक म्हणाला, "ट्रक आणा, जीप आणा, अँबेसिडर आणा, डोळे मिटून खोलतो. हिला हात लावला आणि काही मोडलं तर पार्ट आणायला लंडनला जाऊ का?" दुसऱ्याने गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, चहा घेतला आणि गेला तो गेलाच. सावळीराम म्हणाला, मरो, आपणच करू.

सीटखाली मेणकापडात गुंडाळलेलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक निघालं, कडेने उंदरांनी चाखलेलं. त्यात बिघाड, त्याचं कारण आणि त्याचा उपाय अशी ओळीने पानंच्या पानं होती. शाळा सुटल्यावर लताबाई ओसरीवर बसून ते मराठीत सांगायची आणि सावळीराम गाडीच्या पोटात डोकं घालून ऐकायचा. दर दोन-चार उपायांनंतर एक उपाय हमखास यायचा, 'जवळच्या अधिकृत विक्रेत्यास भेटावे.' लताबाई तो हेडमास्तरांच्या आवाजात वाचायची आणि गाडीखालून सावळीराम ओरडायचा, "भेटतो म्हणावं! सातासमुद्रापलीकडंच तर आहे!"

इंजिन जाम झालं होतं. प्लग काढून भोकांतून रॉकेल आणि तेल सोडलं, मुरू दिलं, रोज पान्याने थोडं थोडं हलवून पाहिलं. पहिले कितीतरी दिवस ते हललं नाही. मग एका रविवारी केसभर सरकलं, आणि सावळीरामने असा आवाज काढला की शेजारच्या भिमाबाई, कुणाला विंचू चावला म्हणून, हळद घेऊन धावत आल्या. ब्रेकची रबरं स्कूटरची घासून बसवली. इंजिनच्या सांध्यातली गॅस्केट सावळीरामने पुठ्ठ्याची कापली, ती फुटली, परत कापली. काही वेळा तर सुधारलेलं बिघडायचं आणि बिघडलेलं आपोआप चालायचं, आणि मग ते का चाललं हे शोधायला दोघं पुस्तक पुन्हा पहिल्यापासून चाळायची.

पण खरी गोष्ट घडली ती कार्बोरेटर खोलल्यावर. बसकीला कार्बोरेटर दोन, शेजारी शेजारी, डोक्यावर पितळी टोपण असलेले दोन घुमट. आत कुंभारीण माशीने मातीची घरं बांधली होती. सावळीरामने ती खरवडून काढली, भाग रॉकेलमध्ये धुतले, आणि त्यातून एक पितळी सुई निघाली, दाभणापेक्षा बारीक, टोकाकडे निमुळती होत गेलेली. ती त्याने उजेडात धरली आणि तसाच राहिला.

"लता, इकडं ये. हे बघ."

"सुई आहे."

"सुई नव्हे गं. ही कुणीतरी कातलीय. माझ्यासारख्याच कुणीतरी. बघ, वरपासून खालपर्यंत कशी उतरत गेलीय, कुठं खोट नाही, कुठं हात हलला नाही. ह्या सुईवर ठरतं, हवा किती आणि पेट्रोल किती. गाडी श्वास घेते तो हिच्यातून." त्याने सुई बोटांत फिरवली. "आम्ही दिवसाकाठी ढिगानं माल काढतो. असा एक नग माझ्या हातून निघाला असता ना, तर मी तो घरी आणून भिंतीवर लावला असता."

लताबाईने सुई घेतली आणि तीही बघत राहिली. तिला लेथमधलं काही कळत नव्हतं, पण सुबक अक्षर कळत होतं, आणि हे त्यातलंच काहीतरी होतं. एवढ्या दूरच्या, कधीच मेलेल्या कुणा कारागिराने हे इतकं नीट करून ठेवावं, कुणी बघणार नाही अशा जागी, आणि ते उघडावं नाशिकच्या एका चिंचेखाली! सावळीरामला त्या माणसाला जयभीम घालावासा वाटला. मग त्याने सुई स्वच्छ पुसून जागच्या जागी ठेवली.

पाऊसकाळ संपता संपता बसकी पहिल्यांदा बोलली. बोलली म्हणजे खोकली, पाठीमागून काळा धूर आणि वाळलेला पाला ओकली आणि लंगडत चालू राहिली. दोन्ही कार्बोरेटर सारखा श्वास घेत नव्हते. पुस्तकात लिहिलं होतं की रबरी नळीचं एक टोक कानाला लावा, दुसरं टोक एकेका कार्बोरेटरच्या तोंडाशी धरा, आणि दोन्हींचा फुत्कार सारखा होईपर्यंत स्क्रू फिरवत राहा. सावळीरामचे कान कारखान्याने निकामी केले होते. नळी लताबाईने कानाला लावली.

"हा मोठ्याने बोलतोय. तो नुसता कुजबुजतोय."

सावळीराम स्क्रू पाव वळसा फिरवी. "आता?"

"आता तो ओरडतोय. मागे घ्या. थोडंसं. अजून थोडं. थांबा!"

तिने डोळे मिटले. नळी या तोंडावरून त्या तोंडावर नेली, पुन्हा या. आवाजात फरक राहिला नव्हता. वर्गात प्रार्थनेला पोरांचे सूर रोज इकडे तिकडे भरकटतात आणि वर्षातून एखाद्या सकाळी, का कुणास ठाऊक, सगळे एका सुरात येऊन बसतात, तसं झालं. अख्खी गाडी थरथरायची थांबली. खडखड होती तिथे एक सलग, भरीव घुमणं उरलं आणि ते अंगणाच्या मातीतून पायांना लागू लागलं. भिमाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. कडब्याचा विनोद करणारेही आले आणि त्या दिवशी कुणी विनोद केला नाही. धोंडीराम ओट्यावर बसले होते. त्यांनी मान आवाजाकडे वळवली आणि म्हणाले, "हां. साहेबाची गाडी आशीच बोलायची." लताबाईच्या कानाला नळी तशीच होती आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं, ते पेट्रोलच्या वासाने, असं तिने सांगितलं.

त्यानंतर सावळीराम रोज सकाळी गाडी सातपूरपर्यंत नेऊन आणू लागला. इंजिन तापलं नाही, ब्रेक फसले नाहीत. दसरा आला.

दसऱ्याच्या दुपारी गंगापूर रोडवरचा झुंबर त्याच्या तीनचाकी टेम्पोतून आला, बरोबर बायको नवसाबाई. बैल विकून त्याने तो टेम्पो घेतला होता, फुलं बाजारात न्यायला. सकाळी मार्केट करून आला होता तरी त्याने स्वतःच्या मळ्यातला झेंडू बसकीसाठी राखून ठेवला होता. "बैलामागून आणलेली गाडी हाये भाऊ, आज पायानं चालनार. हिला हार नको?" हार कसला, नवसाबाईने दोरखंडच वळला होता, मांडीएवढा जाड, मध्ये आंब्याची पानं. नारळ-कुंकू सावळीरामच्या घरात होत नसे, पण धोंडीराम म्हणाले, "फुलाला काय रं, फूल समद्यांचं." झुंबरने हार बसकीच्या नाकावर दोन पदरी आवळून बांधला. पिवळ्याधमक फुलांत तिचं बसकं तोंड पार बुडून गेलं आणि सगळ्यांना ती फार देखणी वाटली.

धोंडीराम पांढराशुभ्र सदरा घालून बाहेर आले. आधी त्यांनी पाय धुतले. मग चपला काढून हातात घेतल्या.

"दादा, चपला घालून बसा."

"ऱ्हाऊ दे. आत माती लागंल."

ते बसले ते सीटच्या काठावर, पाठ न टेकता, चपला मांडीवर. दोन सीटच्या गाडीत तिसरं कोण बसणार? म्हणून लताबाई पुस्तक घेऊन झुंबरच्या टेम्पोत, नवसाबाईशेजारी. वस्ती सगळी रस्त्यावर. बसकी निघाली.

आनंदवल्ली गाव मागे पडेपर्यंत सगळं झकास होतं. पेरूच्या बागा, कालव्याचं पाणी, ऑक्टोबरचं ऊन. मग सावळीरामची नजर तापमानाच्या काट्यावर गेली. काटा निम्म्याच्या वर होता. बघता बघता लाल खुणेला भिडला. पुढून वाफ आली, शिट्टीसारखा आवाज झाला आणि सावळीरामने घाईने गाडी कडेला घेतली.

टेम्पो मागून येऊन थांबला. लताबाई पुस्तक उघडतच उतरली. "पंख्याचा पट्टा बघा." पट्टा ताठ होता. "पाणी." ओलं पोतं टाकून रेडिएटरचं टोपण उघडलं, कालव्याचं पाणी आणून भरलं. "नळ्या." नळ्या शाबूत होत्या. गाडी चालू केली, थोडं अंतर गेली आणि काटा पुन्हा वर. पुन्हा थांबले. लताबाईने पानामागून पान वाचलं, सावळीरामने सांगेल ते तपासलं, पण नेमकी कुठे माशी शिंकली होती ते सापडेना. ऊन उतरू लागलं. शेवटी लताबाईने पुस्तक मिटलं. "काल ठीक होती ना? मग काल नव्हतं आणि आज आहे, असं काय आहे?"

सावळीराम डोकं धरून विचार करत होता. पेट्रोल तेच, तेल तेच, रस्ता सातपूरपेक्षा सरळ.

तेवढ्यात गाडीचं दार वाजलं. धोंडीराम उतरत होते. चपला हातात, एक पाय रस्त्यावर, चाचपडत.

"दादा, कुठं निघालात?"

"म्या उतरतो, चालत फुडं जातो. तुमी या मागनं," ते खाली बघून म्हणाले. "काल म्या नव्हतो. आज हाय. माज्यामुळंच आसंल. तिला सवय नाय माजी."

सावळीरामला एकदम इतका संताप आला की कुणावर काढावा ते कळेना. साहेबावर काढावा तर साहेब बिचारा चांगला. बापावर काढावा तर बाप असा अनवाणी रस्त्यात उभा. "बसा!" तो ओरडला. "बसा म्हणतो ना! गाडी जळाली तरी चालेल, तुम्ही उतरायचं नाही!" धोंडीराम दचकून परत बसले. लताबाईने नवऱ्याला असं ओरडताना कधी पाहिलं नव्हतं. तिने सासऱ्यांच्या मांडीवरच्या चपला उचलून त्यांच्या पायांत घातल्या.

झुंबर बिचारा या भानगडीत कुठे बघावं ते न कळून आपल्या हाराकडे बघत होता. आणि तो चिडला. "आरं, ह्ये काय झालं? सकाळची फुलं माझी! माझा झेंडू दोन दिस मान टाकत नाय, आन् ह्यो शिजला?" त्याने हार उलटला. बाहेरून पिवळा असलेला हार आतून काळपट, मऊ पडला होता आणि त्याला उकडलेल्या पाल्याचा वास येत होता.

सावळीराम पुढे आला. त्याने हाराकडे बघितलं, हारामागच्या जाळीकडे बघितलं, जाळीमागच्या, पाणी गार करणाऱ्या रेडिएटरकडे बघितलं. बसकीचं तोंड मुळात चिमूटभर. तेही त्यांनी हौसेने बोळा कोंबून बंद केलं होतं. वारा लागणार कुठून?

"झुंबर," तो म्हणाला, "तुझ्या हारानं गाडीचा गळा आवळला रे."

लताबाईने पुस्तक पुन्हा उघडून खात्री केली. विलायतेच्या त्या शहाण्यांनी बिघाडाची इतकी कारणं लिहिली होती, पण त्यात झेंडू नव्हता. नवसाबाईच्या तोंडून पहिल्यांदा हसू फुटलं, मग सगळ्यांच्या. धोंडीरामही हसले, पण जरा उशिराने. हसण्याआधी त्यांनी विचारलं होतं, "म्हंजे माज्यामुळं नव्हं?"

"नव्हे हो दादा," लताबाई म्हणाली. "फुलांमुळे."

हार सोडून गाडीच्या पाठीवर टाकला, इंजिन निवू दिलं, पाणी भरलं. आणि मग बसकी जी सुटली! सावळीरामनेही तिला आजवर तशी सोडली नव्हती. काटा जागचा हलेना. रस्ता समोरून येऊन चाकांखाली गडप होऊ लागला, दोन्ही बाजूंच्या बागा हिरव्या पाण्यासारख्या वाहू लागल्या, वारा सदऱ्यात शिरून फडफडला, आणि ते घुमणं, ते लताबाईने नळीतून जुळवलेलं घुमणं, सीटमधून पाठीत, पाठीतून छातीत चढलं. हे आपल्या हातांनी उभं केलं, यावर सावळीरामचा विश्वास बसेना. इतकी मोठी गोष्ट आपल्या अंगणातून निघाली.

त्याने शेजारी बघितलं. धोंडीराम सीटला पाठ टेकून बसले होते, आणि त्यांचे डोळे मिटलेले होते.

ज्या डोळ्यांसाठी एवढी धावाधाव केली, दिवाळीच्या आत, दसऱ्याच्या आत, ते डोळे मिटलेले! "दादा! झोपलात काय? डोळे उघडा! ती टेकडी बघा, ते धरण बघा, पाणी चमकतंय! बघून घ्या ना!"

धोंडीरामनी डोळे उघडले नाहीत. वाऱ्यावरून आवाज यावा म्हणून ते थोडे मोठ्याने बोलले.

"बघितली रं. रोज सकाळी बघितली. आतून, बाह्येरून, नट न् नट. बघायची कवा ऱ्हायलीच नव्हती." त्यांनी हात गाडीच्या दारावरून सावकाश फिरवला. "बसायची ऱ्हायली व्हती. आता दिवाळीनंतर काय का व्हईना. ह्ये काय डोळ्यांवाटं जायाचं नाय."

धरणाचा फाटा आला. सावळीरामने गाडी वळवली नाही, सरळ पुढे घेतली. मागे झुंबर, फाटा चुकला म्हणून, टेम्पोचा भोंगा बडवत राहिला.